आवडाबाईने परत वाटलेले गडू

ठाकुर्लीच्या आवडाबाईच्या हातची तांदळाची भाकरी आसपासच्या सगळ्या हळदींना जाते. ऑर्डर शंभराची असो की पाचशेची, प्रत्येक भाकरी फुगलीच पाहिजे. मी डोंबिवलीत एकटी राहते, मला दोनच लागतात. त्याही ती स्वतः आणून देते. "मावशी, तुमी नाटकात रानी होता. रानीला शिळा कसा द्यायचा?" असं वर म्हणते. या वयात मला राणी म्हणणारी तेवढी एकच उरली आहे, म्हणून तिच्याविषयी लिहायला बसले.

तिचा मुलगा हितेश एकोणीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याचा हात थरथरायला लागला, मग जीभ जड झाली, मग तो विनाकारण चिडायला लागला. गावाने एका दिवसात निदान केलं, पोरगा पितो. बाप नाथा रोज त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. आवडाबाईनेही एकदा त्याला घराबाहेर काढलं होतं. ते आठवलं की आजही पीठ मळता मळता तिचा हात थांबतो. अंगात ताकद यावी म्हणून ती त्याला रोज सकाळी तांब्याच्या हंड्यातलं पाणी पाजायची.

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरांनी हितेशच्या डोळ्यांत उजेडाचा झोत टाकला आणि बुबुळाच्या कडेची तपकिरी रेघ दाखवली. विल्सन नावाचा दुर्मिळ आजार. जन्मजात दोष, अन्नातलं तांबं पुरेसं बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठत जातं. हंड्याने आजार झाला नव्हता, पण हंडा आता बंद. गोळ्या जन्मभर. निघताना डॉक्टर म्हणाले, "सख्खी बहीण आहे ना? काही त्रास नसला तरी तिला तपासा. लवकर."

बहीण कल्पिता. तिचं लग्न चैत्रात ठरलेलं. नाथा अडून बसला. "आधी लग्न होऊ दे. आता तपासलं तर गावभर होईल, सोयरीक मोडेल."

आवडाबाई माझ्याकडे आली. "मावशी, असा आजार असतो म्हनून दोन वर्सं आमाला कोनी सांगितला नाय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमी बोला. मना माईकची भीती वाटते." नाथाने एक अट घातली होती, आमचं नाव घ्यायचं नाही.

स्टेज म्हटल्यावर माझी तिसरी घंटा लगेच होते. नऊवारी नेसले, अंबाडा घातला. समोर शंभरेक बायका. आवाज लावला, "बायांनो, या तांब्याने एका आईचं लेकरू गिळायला घेतलं होतं!" टाळीचं वाक्य होतं, टाळी पडली. चाळीस वर्षांनी पडली हो! मी खूश.

त्या वर्षी वाण म्हणून सगळ्यांना तांब्याचे गडू वाटले होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिली बाई उठली आणि आपला गडू स्टेजच्या कडेला ठेवून गेली. मग दुसरी. मग रांगच लागली. कल्पिताची होणारी सासू रखमाबाई गडू ठेवत म्हणाली, "बरा झाला बाई, आमच्याकडं सगळी स्टीलचीच भांडी." मांडवाच्या कनातीशी उभ्या असलेल्या नाथाचा चेहरा उजळला. दोष भांड्यावर गेला, तपासणीचं नाव संपलं! माझ्या एका वाक्याने कल्पिताच्या तपासणीची वाट बंद केली होती. मी विंगेकडे पाहिलं. तिथे प्रॉम्प्टर थोडाच असणार?

आवडाबाई वर चढली. माईक माझ्या हातातून काढून घेतला.

"गडू उचला. मावशी नाटकातल्या हायेत, त्यांना माफ करा." हशा झाला. "दोष भांड्यात नाय, रगतात हाय. माझ्या हितेशला हाय. मी त्याला दारुड्या बोलली. तुमच्या पोराचा हात थरथरला, जीभ जड झाली, तर नुसता तोंडाचा वास घेऊ नका, डॉक्टरकडं न्या. आन माझ्या कल्पिताला पन तपासायची हाय. रखमाबाई, हितंच सांगते. मागून कोन बोलेल, फसवला."

"आवडे, खाली उतर!" नाथा ओरडला.

रखमाबाई पुढे आली, आपला गडू शोधून पदराने पुसला. "ओरडता कशाला, व्याही? ठाण्याला कवा जायचा, ता बोला. रिक्षात मना जागा ठेवा."

मग आवडाबाईने एकेक गडू परत वाटला, आणि प्रत्येकीला विचारत गेली, घरात कुणाचा हात थरथरतो का.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "मावशी, तिला पन हाय."

"अरे देवा! आता त्या पोरीचं..." मी सुरू झाले.

"आवो, आयका तरी! लिवर चांगला हाय, डोक्यात काय गेला नाय. डॉक्टर बोलले, गोळ्या न चुकता खाल्ल्या तर सगळा नीट होईल, संसार, पोरंबाळं. येलेवर गावला, मावशी!" ती हसत होती की रडत होती, कळेना. मागे नाथा कुणाला तरी मोठ्याने गोळ्यांच्या वेळा समजावत होता.

मी डोळे पुसले. "हळद कधी?"

"ठरली तीच तारीख. या तुमी. पन माईक मागू नका."