भोंगीचा पुरावा

गाणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या पोरीला सगळे 'भोंगी' म्हणतात म्हटल्यावर तिचा आवाज कसा असेल, हे वेगळं सांगायला नको. नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या आईने. आई स्वतः अशी गायची की लग्नातली माणसं हातातला घास हातातच ठेवून ऐकत बसायची. लेकीने तोंड उघडलं असतं तर तीच माणसं घास टाकून पळाली असती.

त्या शहरात हे लोक मूठभर. नदीपलीकडच्या दोन गल्ल्यांत राहायचे. बाकी शहराला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे यांना गळा जन्मजात असतो. त्यांच्यातला कुणी दुधाच्या रांगेत उभा राहिला की मागचा म्हणणार, "होऊन जाऊ द्या एखादी तान!" दात काढायला गेला तरी डॉक्टर म्हणणार, "आ करा... वा, काय गळा आहे!" दात दुखतोय तो दुखतोयच.

भोंगीचा जीव भलतीकडेच रमायचा. आईबापाच्या गाण्याच्या पार्टीचा मंच उभा राहिला की ही मान तिरकी करून म्हणायची, "डावी बाजू बसलीय." मंचावर गोटी सोडली की गोटी डावीकडे पळायची. एकदा गल्लीत गटाराचं काम निघालं. मोजणीवाल्यांनी तिपाईवर दुर्बीण लावली, आणि भोंगीने त्यांचं डोकं खाऊन खाऊन तिला डोळा लावला. जन्मभर सपाट वाटलेली गल्ली सरळ त्यांच्या उंबऱ्याकडे उतरत होती.

"आई! म्हणून सगळ्यांचं पाणी आपल्या घरात येतं!"

"बरं झालं सांगितलंस," आई म्हणाली, "मी आपली नशिबाला शिव्या देत होते."

तेव्हापासून भोंगीला मोजणीदार व्हायचं होतं.

शाळेत पोरांना वाट दाखवायला एक करिअरबाई होत्या. भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चाकोरी मोडा!' भोंगीला समोर बसवून त्या म्हणाल्या, "तुमच्यातल्या मुलींनी आता नव्या वाटा धरायला हव्यात. गायन शिक्षिका हो, सिनेमात गा, गाण्याने रोग बरे करतात म्हणे, ते शीक. बघ, किती वाटा!"

"बाई, मला जमीन मोजायचीय."

"अगं, पण मग गळ्याचं काय?"

"गळ्याने मोजत नाहीत ना, बाई."

बाईंनी सुस्कारा सोडला. पण मोजणीच्या कॉलेजात 'चाकोरीबाहेर' निधीची एक जागा होती. लहान समाजातलं जे पोर आपल्या लोकांचं ठरलेलं काम सोडून दुसरं शिकेल, त्याला फुकट शिक्षण. भोंगीला दुसरा रस्ताच नव्हता. जागा हुकली तर जन्मभर पार्टीच्या माइकच्या तारा गुंडाळायच्या, हे ठरलेलं.

मुलाखतीला टेबलामागे करिअरबाई, आणि त्यांच्या शेजारी निधीचे अध्यक्ष. अध्यक्षांचा लग्नाचा मोठा हॉल होता. भोंगीच्या आईबापाची निम्मी कामं त्याच हॉलमधली.

"बाळ, तू नक्की त्यांच्यातलीच ना?" अध्यक्षांनी विचारलं. "मागे एकजण खोटं बोलून जागा लाटून गेला."

"दाखला जोडलाय, साहेब."

"दाखला कुणीही छापतो. गळा छापता येत नाही. दोन ओळी म्हण बघू."

"म्हण गं," बाई कुजबुजल्या, "नुसती पद्धत आहे."

भोंगीने डोळे मिटले आणि गायली. शिपाई धावत आत आला. त्याला वाटलं, कपाट सरकवायला हात हवाय.

"ही त्यांच्यातली नाही," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, मुद्दाम बिघडवून गायली असेल," बाईंनी सावरायला बघितलं.

"नाही हो बाई. मुद्दाम इतकं वाईट जमत नाही."

बाहेर बाकावर भोंगीचे बाबा बसले होते, त्यांना आत बोलावलं. अध्यक्षांचा चेहरा खुलला. बाबा त्यांचे लाडके. कानावर हात, डोळे मिटलेले, गाताना नुसती समाधी! स्वतःच्या लेकीच्या लग्नात अध्यक्षांनी खास बाबांना शाल दिली होती.

"पोर तुमचीच ना? मग तुम्ही ऐकवा दोन ओळी. रक्ताची खात्री पटली की जागा हिची."

बाबांनी भोंगीकडे बघितलं. मग अध्यक्षांकडे. मग खाकरून गायले.

तोच आवाज. फक्त मिशीवाला.

अध्यक्षांनी कसंबसं तोंड उघडलं. "म्हणजे... माझ्या लेकीच्या लग्नात तुम्ही..."

"ओठ हलवत होतो, साहेब. आमच्या प्रत्येक पार्टीत असा एखादा असतो. 'भरणा' म्हणतो आम्ही त्याला. मंच भरलेला दिसायला नको का? आमच्यातही गाणारे थोडेच, बाकी सगळा भरणा."

"अहो, मी तुम्हाला शाल दिली!"

"मी म्हणत होतो, बायकोला द्या. तुम्ही म्हणालात, तिला काय कळतंय त्यातलं."

अध्यक्षांना घाम फुटला. जागा नाकारावी, तर कारण लिहावं लागणार. कारण लिहिलं, तर मुक्याला शाल दिल्याची गंमत गावभर होणार. त्यांनी झटक्यात सही केली. "हे या खोलीबाहेर जायला नको. आणि तुम्ही परत माझ्या हॉलमध्ये दिसायला नको!"

बाहेर जिन्यावर करिअरबाई धापा टाकत मागून आल्या. "अभिनंदन गं! बातमी मी स्वतः लिहिणार. 'गोड गळ्याचा त्याग करून कन्येने मोडली चाकोरी!'"

"बाई, तुम्ही आतच होतात ना?"

"अगं, लोकांना असंच आवडतं," म्हणत बाई लगबगीने निघूनही गेल्या.

भोंगी बाबांसोबत रस्त्यावर आली. मग म्हणाली, "बाबा, हॉलची कामं गेली हो माझ्यापायी."

"तुझी आई जाईल की. ती कुठे भरणा आहे?" बाबा म्हणाले. दहा पावलं गेले, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. "पण काय गं, आवाज कसा लागला होता?"

"भयंकर, बाबा."

"असू दे. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने गायलो."