पालथा हात

जॉबरकाका कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा सरळ हात लावत नसत. पाइप असो, व्हॉल्व्हचं चाक असो, नाहीतर चहाचा कप. आधी पालथा हात टेकवायचा, क्षणभर थांबायचं, मगच मूठ वळायची. "तळव्याला घट्टे पडतात भिया, त्याला काही समजत नाही," ते म्हणत. "पालथा हात झूठ नाही बोलत."

केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर आम्हाला सहा आठवडे कारखान्यात काढावे लागत. त्याचं सर्टिफिकेट नसेल तर डिग्री अडायची. मला इंदूरच्याच एका कापड गिरणीतलं ब्लीचिंग खातं मिळालं. तिथे कोरं कापड मोठ्या बंद टाकीत, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून साफ करत. काका त्या खात्यातल्या कामगारांचे मुख्य, म्हणजे जॉबर. त्यांचे वडील महूला फौजेत होते, ती शिस्त यांच्यात उतरलेली. शहरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, आमच्याकडेही निम्मी यंत्रं गप्प होती. तरी काका रोज सकाळी सगळ्या पाइपांना हात लावून येत. बंद पाइपांना कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गार पडलाय, हे पण माहीत पायजे ना."

मी तेव्हा फार शहाणा होतो. पाइपला हात न लावता आतलं तापमान कसं काढायचं, याचं गणित मी त्यांना कागदावर करून दाखवलं होतं. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. घरी दाखवतो म्हणाले.

चौथ्या आठवड्यात टाकीतल्या पाण्याचा नमुना घ्यायला मी एकटाच गेलो आणि सरळ तोटी उघडली. आत दाब होता, सोड्याचं उकळतं पाणी फवारत बाहेर आलं. काका कुठून धावत आले कळलंच नाही. त्यांनी मला बाजूला ढकललं आणि स्वतः तोटी बंद केली. मला काही झालं नाही. त्यांच्या उजव्या हाताची पाठ मात्र सोलून निघाली.

साहेबांनी माझ्याकडे लेखी जबाब मागितला. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून काका मला खात्याबाहेर घेऊन गेले. "तोटी मी उघडली, असं लिही. मिल तर बंद होणारच आहे, तुझी डिग्री कशाला अटकवायची?" मी तसं लिहिलं. वर आपल्या मनाने इंग्रजीत एक वाक्य जोडलं, की अपघात जॉबरच्या निष्काळजीपणामुळे झाला. तो शब्द काकांनी सांगितला नव्हता. तो माझा. तेव्हा मला तो फार ऐटबाज वाटला होता.

गिरणी बंद झाली तोवर मी पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात लागलो होतो. एक दिवस कामगारांच्या मुलाखतींना साहेबांनी मलाही सोबत बसवलं होतं, तेव्हा काका आले. माझ्या शेजारच्या साहेबांनी त्यांचे कागद चाळले, निष्काळजीपणाची नोंद मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, तुम्ही याच मिलमध्ये होतात ना, ओळखता यांना? माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी म्हणालो, "नीटसं आठवत नाही."

काका माझ्याकडे बघून हसले. "नसेल आठवत साहेबांना. ट्रेनिंगला बहोत मुलं येत होती."

कागद गोळा करून ते उठले. जाताना दाराच्या मुठीला त्यांनी आधी पालथा हात टेकवला. डावा. उजव्याला आता काही कळत नव्हतं. ते दार माझ्या डोळ्यांसमोर अजून तसंच बंद होत राहतं.

जुन्या इंदुरातलं त्यांचं घर शोधत मी गेलो, पण त्याला अकरा वर्षं लागली. काका गेले होते. काकूंना मी खरं नाव सांगितलं नाही. गिरणीतल्या ओळखीचा आहे, एवढंच म्हणालो. त्यांनी चहा ठेवला. मी कपाला पालथा हात लावला, क्षणभर थांबलो, मग कप उचलला.

काकू बघतच राहिल्या. "तुम्ही ते ट्रेनिंगवाले ना?"

या वेळी मी हो म्हणालो. बाकीचं सांगायला तोंड उघडलं, पण त्या आत गेल्या आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. माझंच गणित होतं.

"सगळ्यांना दाखवायचे," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, पोरगा हुशार आहे, त्याला काही होऊ नाही दिलं मी."