सुजलेली बोटं

कार्बन पेपरचा वास आला की भूम गावचा टायपिंग क्लास आठवतो. दुष्काळाचं साल होतं. डॉक्टर सांगतील ते टाईप करणारं माणूस दवाखान्याला हवं होतं. शिकायचं थोरल्या बहिणीला होतं, मी नुसता सोबत गेलो. सर म्हणाले, "एकच मशीन रिकामं आहे. बघा दाबून." तिनं एक अक्षर दाबलं, तर दोन दबली. "दुष्काळी कामावर खडी फोडून बोटं सुजलीत तिची," मी घाईनं म्हणालो, "मला शिकवा." तिनं हात पदराआड घेतला. "व्हय सर, त्यालाच घ्या. मला न्हाय जमायचं." पावसाळ्यात खडीचं काम थांबलं, सूज उतरली. तोवर दवाखान्यातल्या मशीनवर मी बसलो होतो. आता ती नाही, म्हणून सांगतो. सूज उतरणार, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.