खाडीच्या चिखलातले ठिपके

मंडळी, लांबण लावत नाही. मी सोलापुरात एका कॉलेजच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुते, तुम्हाला माहीतच आहे.

आज एक पोरगी कोकणातल्या खाडीच्या चिखलातले जंतू मोजत बसलेली. चिखल पाण्यात पातळ करून काचेच्या बशीत टाकला, की दोन दिवसांत त्यावर ठिपके उठतात. एक ठिपका म्हणजे एका जंतूची सगळी पिलावळ.

चिखलाच्या पिशवीवर गावाचं नाव वाचलं आणि माझे हातच थांबले. त्याच खाडीत माझा धाकटा भाऊ बुडाला. कोळंबीच्या तळ्यावर कामाला गेलता. सापडलाच नाही.

मी विचारलं, "पोरी, हे जंतू खात्यात काय गं?"

ती मान वर न करता म्हणाली, "जे मरून पडतं ते सगळं, मावशी. पानं, मासे, काहीपण."

"माणूस बी?"

ती हसली. "तुमचं आपलं काहीतरीच की!"

ती मोजून घरी गेली. बशा मोठ्या कुकरात घालून जंतू मारायचे, मग धुवायच्या, हे माझं रोजचं काम. आज झाकण लावलं, पण बटण दाबवेना. भावाचं काहीतरी ह्या जंतूंच्यात जिवंत असंल, असंच वाटत राहिलं. बशा तशाच ठेवून आले.

सकाळी बटण दाबावंच लागणार. आईनं अजून त्याचं तेरावं करू दिलेलं नाही, येईल म्हणते. दाबायच्या आधी तिला ह्या बशांचं सांगू का? तुम्हीच बोला.