काकूच्या चादरीवरचं मोहोळ

आमच्या काकूला दिसेल ते धुवायची सवय आहे. कपडे, भांडी, दारं, खिडक्या, कुत्रा, काही सुटत नाही. एकदा तिने काकांची छत्री साबणाने खसाखसा घासली, ती पुढच्या पावसात गळायला लागली, तर बाईसाहेबांनी दोष पावसाला दिला. त्यामुळे यंदा काका मधमाश्यांची रिकामी पेटी परसात ठेवून तुती गोळा करायला गेले, तेवढ्यात काकूने तीही घासूनपुसून लख्ख केली, याचं मला नवल वाटलं नाही. काका मात्र डोक्याला हात लावून बसले.

"अगं, जुन्या मेणाच्या वासावर येतात त्या! साबणाला कोण भुलणार?"

"आणि मळक्या घरात कोण येणार राहायला?" काकूचं उत्तर तयारच होतं.

काका सुतार. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या केली आणि हौसेनं माश्या पाळल्या. मागच्या थंडीत पेटीतल्या सगळ्या माश्या मेल्या, तेव्हापासून त्यांचं बोलणंच कमी झालं. शहरातला मुलगा इकडे या म्हणून मागे लागला होता. काकूचा जीव तिथल्या नातीत अडकलेला, तिने तर ट्रंक भरूनही ठेवली होती. शेवटी दोघांचं ठरलं. या उन्हाळ्यात पेटीत नवं मोहोळ आलं तर राहायचं, नाही तर घर विकून मुलाकडे जायचं.

मी दरवर्षी उन्हाळा लागता लागता चार दिवस त्यांच्याकडे जाते. तिथे मला काही काम नसतं आणि ते मी मन लावून करते. दार सताड उघडं टाकून गार फरशीवर लोळायचं, कालव्यात पाय सोडून बसायचं, तुती खाऊन जीभ जांभळी करायची. ऊन अजून चावायला लागलेलं नसतं. दोरीवर टाकलेले कपडे बघता बघता वाळतात आणि तेवढ्यावर काकू दिवसभर खूश असते. यंदा मात्र साधी माशी घोंघावली तरी आम्ही तिघं माना वर करत होतो.

एका सकाळी वाटाणे सोलत बसलो होतो, तेव्हा तो आवाज आला. आधी वाटलं, लांब कुठे तरी यंत्र चालू आहे. मग तुतीच्या वरचं आभाळ हलायला लागलं. हजारो माश्या गरगरत होत्या, एकमेकींना न धडकता. हळूहळू त्या एका फांदीवर उतरल्या आणि तिथे हातभर लांबीचा जिवंत घोस लोंबू लागला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. हातातले वाटाणे कधी सांडले, कळलंसुद्धा नाही.

"चादर!" काका ओरडले. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. काकूने तिची सगळ्यात पांढरी चादर आणून दिली आणि ती लगेच स्वयंपाकघरात पळाली. घरात एक माशी शिरली तरी ती न्हाणीघरात कडी लावून बसते.

काकांनी पेटीच्या दाराला फळी तिरकी लावली, तिच्यावर चादर पसरली, फांदी अलगद कापून आणली आणि एकच हिसका दिला. सगळं मोहोळ धप्पकन चादरीवर पडलं. माश्यांना आत कोंबायचं नसतं, त्यांच्या पायांनी त्यांना घरात जाऊ द्यायचं, ही काकांची रीत. आणि त्या खरंच चालू लागल्या! सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, चढण चढत, एकीच्या मागे एक. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा जिवांना हे कोणी शिकवलं असेल?

पण पेटीच्या दाराशी पोचलेल्या माश्या थबकल्या, त्यांनी चाचपून बघितलं आणि त्या मागे फिरल्या. मागच्या त्यांच्यावर चढल्या. काही उडायला लागल्या.

"साबण," काका एवढंच म्हणाले. रागसुद्धा नव्हता त्यात. आता मोहोळ उठलं की गेलंच.

मी काकूकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नुसतं उभं राहायचं होतं, बाकी सगळं तिच्या मनासारखं होणार होतं. तेवढ्यात ती आत गेली. मला वाटलं, खिडक्या लावायला गेली असेल.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मेणाचा गोळा होता. काकांच्या जुन्या पोळ्यांचं मेण, गोधड्या शिवताना ती दोऱ्याला लावते ते. ती चादरीशी गुडघ्यांवर बसली आणि उघड्या हाताने पेटीच्या दाराला मेण चोळू लागली. उंबऱ्याला, चौकटीला, मग हात जाईल तेवढं आत. माश्या तिच्या मनगटावर चढल्या, कोपरापर्यंत गेल्या. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण हात थांबला नाही.

"अगं..." म्हणत काका पुढे झाले.

तिने हात हळूच बाहेर काढला. एक माशी दारात गेली, बूड वर करून पंख फडफडवू लागली. "बाकीच्यांना बोलावतेय," काका कुजबुजले. आणि अख्खी चादर आत सरकायला लागली. मध्येच एक लांबट, सावकाश चालणारी राणी दिसली, तीही आत गेली. मी उगाचच रडत होते.

चादर रिकामी झाली तरी काका पेटीकडे बघत नव्हते. ते काकूकडे बघत होते.

"तुला जायचं होतं ना गं?"

"जायचं होतंच," काकू म्हणाली आणि मागे राहिलेली एक माशी बोटावर घेऊन तिने ती दाराशी सोडली.