तोंडाने मागायचं

पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. स्टोअरच्या जाळीच्या खिडकीमागे त्याचा असा काही रुबाब चाले, की तसा मालकालाही कधी जमला नसता. साधा वॉशर हवा असला तरी कामगाराने खिडकीशी उभं राहून सांगायचं: काय पाहिजे, कशाला पाहिजे, जुन्याचं काय केलं. चिठ्ठी चालत नसे. "तोंड दिलंय ना देवानं? मग मागा तोंडानं!" कामगार पाठीमागे त्याला 'कुलूप' म्हणत. बायकोला हे कळलं तेव्हा तिला राग यायच्या ऐवजी हसू आलं.

घरात हुकूम गाजवायला दोघीच, बायको आणि सोळा वर्षांची मुलगी. बायकोच्या भावाने आपला जुना कॉम्प्युटर लिनक्स ही फुकटची सिस्टिम घालून भाचीला दिला आणि कुलपाच्या अंगात आलं. यात म्हणे मुलांवर लक्ष ठेवायची सोय असते. त्याने अॅडमिनचा पासवर्ड स्वतःकडे घेतला, मुलीचं वेगळं खातं काढलं आणि फिल्टर असा बसवला की त्याने मंजूर केलेल्या साइट सोडून तिला काही उघडूच नये. स्क्रीनवरच्या काळ्या चौकटीत कमांडच्या दोन ओळी टाइप केल्या तरी गड्याची छाती फुगे. वेळेची मर्यादा मात्र त्याने चुकून स्वतःच्याच खात्याला लावली, आणि थोड्याच वेळात कॉम्प्युटरने त्यालाच बाहेर काढलं. मग गॅलरीत जाऊन मेहुण्याला हळू आवाजात फोन, आणि आत येऊन ऐटीत, "टेस्टिंग चाललंय." बायको म्हणाली, "चालू द्या."

नियम कारखान्यातलाच. नवी साइट हवी असेल तर समोर येऊन तोंडाने मागायची.

आणि मुलगी अडखळत बोलायची, अगदी लहानपणापासून. बापाने तिचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं. ती शब्दावर अडली की उरलेलं हाच बोलून टाकी, बहुतेक वेळा चुकीचं, आणि ती मान हलवून मोकळी होई. विचारायला काय अंगाला भोकं पडतात, असं हा माणूस तिला विचारायचा.

फिल्टर बसण्याआधी काही शनिवार ती एका ग्रुपमध्ये बसली होती. तिच्यासारखी अडखळणारी माणसं संध्याकाळी व्हिडिओवर जमत आणि ज्याला जेवढा वेळ लागेल तेवढा घेऊन बोलत. त्याच दिवसांत तिने आईला वर्गात शिरलेल्या कुत्र्याचा किस्सा सांगितला. थांबत, अडत, पण शेवटपर्यंत. पोरीच्या तोंडून अख्खी गोष्ट आईने पहिल्यांदाच ऐकली, तीही गॅस बंद करून. मग फिल्टर आला आणि ग्रुप बंद झाला.

मुलगी मागायला गेली. "बा... बाबा, मला तो ग... ग..."

"गाणी? अभ्यास करा आधी."

ती परत फिरली. आईला राहवलं नाही. "अहो, तिथं ती बोलायला शिकते."

"बोलायला शिकते? मग घरात मी कशाला आहे?"

"तेच मी कधीची स्वतःला विचारतेय."

हे टोचणं त्याच्या डोक्यावरून गेलं. तपासल्याशिवाय माल सुटणार नाही, असं म्हणून शनिवारी तो स्वतःच मुलीच्या जागी बसला. दोघी मागे उभ्या. पडद्यावर पाच-सहा चेहरे. एक वयस्कर गृहस्थ आपण काय काम करतो ते सांगत होते आणि पहिल्याच अक्षरावर अडले होते. सगळे शांत. कुलपाला तेवढी शांतता सोसवेना.

"ड्रायव्हर का?" तो म्हणाला.

"काका, त्यांना बोलू द्या," ग्रुप चालवणारी बाई हसून म्हणाली. "इथं कोणी कोणाचं वाक्य पुरं करत नाही."

त्याचे कान लाल झाले. "मला शिकवतायत!" खाडकन सगळं बंद करून त्याने काळ्या चौकटीत काहीतरी बडवलं आणि तो ग्रुप कायमचा बंद केला. मुलीने तोंड उघडलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि मिटलं. आईला त्या माणसाची किळस आली, आणि इतकी वर्षं 'जाऊ दे' म्हणत आलेल्या स्वतःचीही.

त्यानंतर मुलगी बापाशी बोलेनाशी झाली, हळूहळू आईशीही. होय म्हणायला मान, नाही म्हणायलाही मान. आईने मामाकडून नवा फोन मागवते, त्यावर ग्रुपला बस, म्हणून सांगितलं, जवळ बसवलं, विनवलं. पोरगी मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

एके दिवशी वरच्या मजल्यावरचे शेजारी आले. त्यांचा मुलगा फार उलट बोलतो म्हणे. कुलपाने त्यांना खुर्ची दिली, फिल्टरची महती सांगितली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"आमची मुलगी बघा. हे बसवल्यापासून कधी आवाज ऐकलात तिचा?"

शेजाऱ्यांनी आठवून पाहिलं. खरंच ऐकला नव्हता.

"कमाल आहे हो तुमची," ते म्हणाले. "आमच्याकडे कधी येता बसवायला?"