वाढत्या मापाची चाकं

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची घेतलेली नाही. हदगावला माझं लहानपण गेलं. तिथं वडील मला बूट घ्यायचे ते दोन नंबर मोठे. घरी कापसाला तोटा नव्हता, त्यामुळे बुटाच्या टोकात कापसाचे बोळे कोंबायचे आणि पाय वाढला की बोळा थोडा कमी करायचा. बोळा संपेपर्यंत बुटाचा तळ संपलेला असायचा. लग्नातला सफारीसुद्धा ‘पुढं अंग भरेल’ म्हणून सैल शिवला होता. अंग भरलं, पण तोवर सफारीला कसर लागली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या एकट्याचा दोष नाही.

मी नांदेडला एका शाळेत गणित शिकवतो. मुलगी दहावी झाली आणि चार लोक करतात तसं आम्ही तिला लातूरला क्लासला टाकलं. पहिला महिना ती फोनवर रडली. दुसऱ्या महिन्यात रडणं थांबलं आणि बोलणंही थांबलं. जेवलीस का? हाव. झोप होते का? हाव. पेपर कसा गेला? हाव. बायको म्हणाली, रडत होती तेच बरं होतं. मलाही तसंच वाटत होतं, पण मी म्हणालो, मन लागलं असेल. दर रविवारी मी सकाळच्या एसटीनं लातूर गाठायचो, हॉस्टेलच्या पायरीवर बसून ती घरचा डबा खाताना बघायचो आणि संध्याकाळी परतायचो. पोरीला करमत नाही, म्हणून जावं लागतं, असं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर जाताना तिनं सामानात तिचे जुने स्केट घातले. एका ओळीत चार चाकं असतात तसले. सातवीपासून ती त्यावर आमच्या कॉलनीत फिरायची. हॉस्टेलच्या मागं गाड्या लावायची जागा आहे आणि ती संध्याकाळी अर्धा तास मोकळी असते, एवढंच ती म्हणाली. पुढच्या रविवारी तिनं स्केट माझ्यासमोर ठेवले आणि कित्येक दिवसांनी एक सबंध वाक्य बोलली. चाकं गेलीत, काय करावं, असं तिनं विचारलं.

चाकं आतल्या बाजूनं तिरकी झिजली होती, चपलेची टाच झिजते तशी. फिरवलं की बेअरिंगमधून खर्र आवाज यायचा. ती म्हणाली, मोबाइलवरून मागवू. हात लावून बघितल्याशिवाय मी भोपळासुद्धा घेत नाही. मग म्हणाली, इथं लातूरला बघू. नांदेडच्या माणसानं लातूरच्या बाजारात खरेदी करायची म्हणजे काय? ती आणखी काहीतरी सांगणार होती, पण तोवर मी एक चाक काढून नमुना म्हणून रुमालात बांधलं होतं. नट आणायला जाताना नट खिशात टाकून जावं, ही आमची पद्धत. एक चाक नेल्यावर आठवडाभर खेळणं बंद, हे माझ्या ध्यानात आलं ते बस अहमदपूरला थांबली तेव्हा. तोवर अर्धा तास माझं मलाच वाईट वाटत होतं, का ते कळत नव्हतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मोटारी-पंपांच्या बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, डोळ्याला जाड भिंग. त्यानं बेअरिंगवरचा नंबर वाचला, सहाशे आठ, आणि कोणत्या मशीनला लागतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, मशीनला न्हाई, पोरीच्या पायाला. म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. मला स्टूल दिलं, पाणी दिलं, पोरीचं वय विचारलं आणि आजकाल असे पाय घालून लोक डोंगरसुद्धा चढून राहिलेत, धीर सोडू नका, असं सांगितलं. त्याला कृत्रिम पाय वाटला होता. खरं काय ते सांगितल्यावर त्यानं स्टूल परत मागितलं नाही, पण चहाची ऑर्डर दिली होती ती रद्द केली.

बेअरिंग मात्र त्यानं मनापासून निवडली. एकेक बोटावर घालून फिरवायचा आणि कानाशी धरायचा. आवाज आला की बाजूला. मी आठ मागितली होती, त्यानं विचारलं चाकं किती. आठ. मग सोळा लागतील, एका चाकात दोन्ही बाजूंनी एक-एक बसतं. गणिताचा शिक्षक असल्याचं मी त्याला सांगितलं नाही. कोणतं तेल घालू, असं विचारलं तर तो म्हणाला, “सीलबंद माल हाय. तेल न्हाई, ग्रीस न्हाई. दोन वर्षं हात लावू नका.”

त्या संध्याकाळी फोनवर मी हे सगळं मुलीला सांगितलं, कृत्रिम पायासकट. पलीकडं नुसतं ‘हाव’ आलं नाही. सीलबंदच चांगली, तिथं लई धूळ हाय, म्हणाली. आणि चाकं मऊ घ्या, खाली शहाबादी फरशी हाय, कडक चाक घसरतं. मऊ चाक लवकर झिजेल की, मी म्हणालो. तिनं मला समजावून सांगितलं. दहा मिनिटं. बायको शेजारी बसून ऐकत होती आणि मला खुणेनं सांगत होती, वाद घाल, वाद घाल. मी मंगळवारी, बुधवारी आणि गुरुवारीही चाकाच्या मऊपणावर वाद घातला. इतका सुखाचा आठवडा आमच्या घरात दसऱ्यापासून आला नव्हता.

शुक्रवारी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. मऊपणाचं मी तिचं ऐकलं. माप मात्र विचारलं नाही. मापातलं तिला काय कळतं? नमुन्यावरचा आकडा झिजून गेला होता. मी पट्टी लावून मोजलं, बाहत्तर मिलिमीटर भरलं. दुकानदार म्हणाला, नवं असताना शहात्तर असणार, शहात्तर देतो. मी विचारलं, त्याच्यावरचं काय आहे? ऐंशी. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ऐंशीच द्या. तो म्हणाला, स्केट बघितल्याशिवाय सांगता येत नाही, बसेल न बसेल. इथं मात्र मी त्याला गणिताचा शिक्षक असल्याचं सांगितलं. त्या बिचाऱ्यानं ऐंशीची आठ चाकं बांधून दिली.

रविवारी हॉस्टेलच्या पायरीवर मी सामान मांडलं. बेअरिंग चाकांत बसवूनच आणली होती. मुलीनं बोल्ट पिळायची एलन की दिली. पहिलं चाक असं बसलं की मी आजूबाजूला बघून घेतलं, कुणी बघतंय का. दुसरं बसेना. चाकाला चाक घासत होतं आणि बोल्टाचं भोक अर्धंच दिसत होतं. मी जोर लावला. गुडघा लावला. दोन वर्तुळांच्या केंद्रांमधलं अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी असेल तर ती वर्तुळं एकमेकांत घुसतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवत आलोय. फळ्यावर ती घुसतात. लातूरला घुसली नाहीत.

मुलगी बराच वेळ बघत होती. मग तिनं हळूच विचारलं, “पप्पा, वाढत्या मापाची तर न्हाई ना आणली?”

मी बोल्ट उलट्या बाजूनं घालून बघितला. ती हसायला लागली. चाक कुठं वाढतंय, ते तर झिजतंय, असं म्हणत पोट धरून पायरीवर बसली. वरच्या खिडकीतून पोरी डोकावल्या तर त्यांनाही तिनं खालून ओरडून सगळं सांगितलं. माझी पुरती शोभा झाली आणि मला ती अजून व्हावी असं वाटत होतं. चार महिन्यांत तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

मग डोळे पुसत तिनं नव्या चाकांतली बेअरिंग काढली आणि जुन्या चाकांत बसवली. माझ्या रुमालातलं आठवं चाक मागून घेतलं. डाव्या पायाची चाकं उजव्या पायाला आणि झिजलेली बाजू बाहेर, अशी फिरवून लावली. अजून वर्षभर जातील म्हणाली, असंच करायचं असतं, स्केटिंगच्या सरांनी शिकवलंय. हे गेल्या रविवारी का सांगितलं नाही, मी विचारलं. सांगतच होते, तुम्ही चाक घेऊन निघालात की, ती म्हणाली.

बूट कसून ती फरशीवर उतरली. मी कडेला तिचं फिजिक्सचं पुस्तक धरून उभा होतो. ती दोन मोटारसायकलींच्या मधून गेली, वळली, माझ्याभोवती एक फेरी मारून पुन्हा गेली. खर्र आवाज गेला होता. तोंड लाल झालं होतं आणि ती नांदेडला दिसायची तशी दिसत होती.

मी बससाठी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत चाकांवरच आली. पिशवीतली ऐंशीची आठ चाकं एकमेकांवर आपटत होती. ती म्हणाली, “पप्पा, आता दर रविवारी येत जाऊ नका. तुमचा सगळा दिवस जातो. मला करमतंय आता.”

हेच ऐकायला मी चार महिने एसटीचे बाक झिजवले होते. ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. येत्या रविवारी मी घरात बसून काय करणार, हेच मला कळेना.

“पण बेअरिंगला तेल घालावं लागतं,” मी म्हणालो. “दर रविवारी. ते तुला जमायचं न्हाई.”

सीलबंद मालाची गोष्ट तिनं सोमवारीच ऐकली होती, दोन वर्षांच्या हिशोबासकट. तिनं माझ्याकडं बघितलं. मग एक पाय उचलून तिनं बोटानं चाक फिरवलं. ते काही केल्या थांबेना.

“हाव पप्पा,” ती म्हणाली. “लागतं.”